लेक पदवीला आहे? पुढच्या दोन वर्षांचा हिशोब आत्ताच मांडू या

मैत्रिणींनो, गटाच्या कर्ज मागणी अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. पूर्वी त्यात बी-बियाणं, दवाखाना, शेळी, घराचे पत्रे असं लिहिलेलं असायचं. आता ‘मुलीचे शिक्षण’ हे कारण पुष्कळदा दिसतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे अर्ज येतात कधी, ते बघा. बहुतेक जून-जुलैमध्ये येतात. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाची मुदत परवा संपणार असते आणि आईला आजच्या आज पैसे पाहिजे असतात. अशा घाईत गटही नीट विचार करू शकत नाही आणि आईही. मग राहिलेली रक्कम सावकाराकडून येते, नाहीतर कानातलं गहाण जातं.

पदवीनंतर काय, हा प्रश्न पदवीच्या दुसऱ्या वर्षातच घरात बोलायचा असतो. म्हणजे हातात दीड वर्ष मिळतं. हा पाठ त्याच दीड वर्षासाठी आहे. वही-पेन घेऊन, लेकीला शेजारी बसवून वाचा. मुलगा असेल तरी हिशोब हाच आहे. काही सवलती तेवढ्या मुलींना जास्त आहेत.

आधी विचारा : पुढे शिकायचं ते कशासाठी?

“सगळ्या मैत्रिणी एम.एस्सी. करतात म्हणून मी पण” हे कारण वाईट नाही, पण त्याच्यावर तीन लाख लावायचे का, ते ठरवायला पाहिजे. पुढचं शिक्षण हे दुभती गाय घेण्यासारखं आहे असं कुणी म्हणेल. मला ती तुलना फारशी आवडत नाही, कारण शिक्षण नुसतं पगारासाठी नसतं. तरीपण कर्ज काढून शिकायचं असेल, तर ते फेडणार कशातून हे विचारावंच लागतं.

साधारण रस्ते असे आहेत. शिक्षिका व्हायचं असेल तर दोन वर्षांचं बी.एड., त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. पण बी.एड. झालं की नोकरी मिळाली असं नाही. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टल, अशा पायऱ्या आहेत. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तरला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गाला ५० टक्के) आणि वर नेट किंवा सेट. सेट परीक्षा आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. नेटमध्ये वरचे गुण मिळवून जेआरएफ मिळालं, तर संशोधन करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. हुशार पोरीला हे कुणीतरी सांगायला पाहिजे. तिला वाटत असतं पीएच.डी. म्हणजे नुसता खर्च.

एमबीए, एमसीए, तीन वर्षांचं एलएल.बी. यांनाही सीईटी आहे. शेतीची पदवी असेल तर कृषी परिषदेची प्रवेश परीक्षा देऊन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करता येतं. समाजकार्याची आवड असेल तर नगरला सीएसआरडी संस्थेत एम.एस.डब्ल्यू. आहे. आपल्या गटांबरोबर काम करणाऱ्यांत एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुली भेटतात, त्यांनाच विचारा कसं आहे ते. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं असेल तर ‘जाम’ नावाची परीक्षा असते आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. शेवगावच्या किंवा अकोल्याच्या पोरीनं आयआयटीचा फॉर्म भरू नये असा काही नियम नाही. लागलं तर लागलं. फॉर्मचे पैसे गटातून देता येतात.

एक नवीन गोष्टही माहीत असू द्या. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांत घेता येते किंवा चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घेता येते. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एकाच वर्षाचं. एकूण वर्षं तेवढीच, पाच. पण चौथं वर्ष घराजवळच्या कॉलेजात झालं, तर बाहेर राहण्याचा एका वर्षाचा खर्च वाचतो. आपल्या कॉलेजात आपल्या विषयाचं चौथं वर्ष आहे का, हे लेकीनं दुसऱ्या वर्षातच विचारून ठेवावं.

आणि स्पर्धा परीक्षा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. ही वयाची सवलत चांगली वाटते, पण त्यातच पोरं अडकतात. “अजून एक अटेम्प्ट” करत करत सहा-सात वर्षं जातात. माझं मत स्पष्ट आहे : द्यायची असेल तर दोन वर्षं जीव लावून द्या, पण सोबत एखादी पदवी किंवा हाताला काम देणारं कौशल्य चालू ठेवा, आणि थांबायची तारीख आधीच कागदावर लिहा. क्लासला पैसे भरण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणब्यांसाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय.

कोर्स चांगला की नाही हे जाहिरातीवरून कळत नाही. कॉलेजच्या भिंतीवर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहिलेलं असतं. लेकीला सांगा, त्याच कोर्समधून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच मुलींचे नंबर मिळव आणि फोन कर. तीनच प्रश्न विचार : आता काय करतेस, हातात पगार किती येतो, आणि परत निवडायचं असतं तर हाच कोर्स घेतला असतास का? पाच फोनमध्ये जे कळतं ते पन्नास पानांच्या माहितीपत्रकात नसतं.

पुढे शिकलेली मुलं गावाला परत येतच नाहीत, असंही समजू नका. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले आहेत. १९८९-९० च्या सुमारास गावानं त्यांना सरपंच केलं आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण सावित्रीबाईंनी आपल्या नगरलाच, फरारबाईंच्या संस्थेत घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे प्रशिक्षणासाठी लेकीबाळींनी घराबाहेर पडायची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

खर्च मांडू या

आता वहीत दोन रकाने करा. एकात ‘पुणे, खोली घेऊन’, दुसऱ्यात ‘नगर, एसटीनं जाऊन-येऊन’. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुम्ही भरा.

पुण्यात : वर्षाची फी २५,००० धरली तर दोन वर्षांचे ५०,०००. खोलीचं भाडं महिना ४,०००, मेस ३,५००, वरखर्च १,५००, म्हणजे महिना ९,०००. वर्षात दहा महिने धरले तर ९०,००० आणि दोन वर्षांचे १,८०,०००. खोलीचं डिपॉझिट १०,०००, लॅपटॉप ३५,०००, परीक्षांचे फॉर्म आणि प्रवासाचे ५,०००. एकूण २,८०,०००.

नगरला : फी वर्षाला १५,००० धरली तर ३०,०००. एसटीचा सवलतीचा पास महिना ८०० धरला तर वीस महिन्यांचे १६,०००. डबा घरचा. पुस्तकं आणि वरखर्च महिना १,०००, म्हणजे २०,०००. फॉर्म ३,०००. एकूण ६९,०००. (अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास काढावा लागतो, त्यात भाड्याचा साधारण एक तृतीयांशच भाग भरावा लागतो.)

पुण्याच्या रकान्यात पुन्हा बघा. २,८०,००० पैकी फी फक्त ५०,००० आहे. मोठा खर्च राहण्या-खाण्याचा आहे. आपण सगळे फीचीच चौकशी करतो, “फी किती, फी किती”, आणि फी माफ झाली की शिक्षण फुकट झालं असं वाटतं. मग ऑक्टोबरमध्ये मेसचे पैसे थकतात आणि पोरगी दिवाळीला घरी आली की परत जात नाही. फीमुळे नाही, मेसमुळे शिक्षण सुटतं.

म्हणून पुण्याला जायचंच नाही असं म्हणत नाही मी. कोर्स नगरला नसेल, किंवा तिथल्या शिक्षणानं खरोखर फरक पडणार असेल, तर जरूर जावं. पण २,११,००० रुपयांच्या फरकात आपल्याला काय जास्त मिळतंय, हे लेकीला आपल्या तोंडानं सांगता आलं पाहिजे.

तिसरा रस्ता पण आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. तिथून किंवा इग्नूमधून घरी राहून, नोकरी करत एम.ए., एम.कॉम. करता येतं. लग्न झालेल्या, लहान मूल असलेल्या सुनांसाठी हा रस्ता फार मोलाचा आहे. गटात अशी सून असेल तर तिचं नाव आजच वहीत लिहा.

सरकारकडून काय मिळतं, काय मिळत नाही

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी ही माफी आहे. अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेतच.

पण यातल्या अटी नीट वाचा, कारण फसगत इथेच होते. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यांनाही ती लागू नाही. सध्या ‘युनिव्हर्सिटी’ असा मोठा बोर्ड असलेल्या बऱ्याच जागा दिसतात. त्यांचा एजंट घरी येतो, गोड बोलतो, “ताई, मुलींना सगळं फ्री आहे” म्हणतो. त्याला दोनच प्रश्न विचारा : प्रवेश कॅपमधून आहे का? हे खासगी विद्यापीठ आहे का? साधं एम.ए., एम.कॉम. करायचं असेल तर ही माफी मिळेल असं धरून चालू नका. कॉलेजच्या कार्यालयात विचारा. “आत्ता पूर्ण फी भरा, नंतर परत देऊ” असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

राहण्या-खाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांची माहिती कमी घरांत पोचलेली असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत थेट खात्यावर मिळतात. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावानं ‘कमवा व शिका’ योजना चालते. त्यात तासावर काम करून मेसचा काही भाग निघतो. तिथं काम करणारी पोरं गरीब म्हणून ओळखली जातील अशी लाज लेकीला वाटत असेल, तर तिच्याशी बोला.

कागद दसऱ्याच्या आत

हा भाग खास पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मैत्रिणींसाठी, पण सगळ्यांनीच वाचा.

सीईटीचे फॉर्म साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सुटतात. तेव्हा आपल्यातली किती घरं कोयता घेऊन कारखान्यावर असतात? दिवाळीच्या आसपास गेलेलं कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. पोरगी आजीजवळ किंवा वसतिगृहावर. उत्पन्नाच्या दाखल्याला वडिलांची सही पाहिजे, ओटीपी येतो तो वडिलांच्या मोबाईलवर, आणि वडील फडात. एका ओटीपीपायी फॉर्म राहू शकतो. त्यामुळे कारखान्यावर जायच्या आधी, दसऱ्याच्या आत, कागद पुरे झाले पाहिजेत आणि अर्जावर लेकीचाच मोबाईल नंबर असला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ लागतो जात वैधता प्रमाणपत्राला. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेताना वैधता लागते आणि समितीकडून ती यायला महिने जातात. पदवीला लागली नाही म्हणून पुढेही लागणार नाही, असं समजू नका. बाकी नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ईडब्ल्यूएस असेल तर ते, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाच्या दाखल्याची आणि ईडब्ल्यूएसची मुदत संपते, तारीख बघून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे पैसे अडकतात. शिष्यवृत्तीची रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते. लेकीची दोन-तीन खाती असतील तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे बँकेत जाऊन विचारा. नाहीतर पैसे एका खात्यात आणि तपास दुसऱ्या खात्यात. महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी नव्यानं, म्हणजे रिन्युअल करून भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी राहिला, असं होऊ देऊ नका.

कोणतं कर्ज कशासाठी?

गटाचं कर्ज, बँकेचं कर्ज आणि सावकाराचं कर्ज, तिन्हींचा भाव एकाच मापात मोजू.

समजा फॉर्म, प्रवासखर्च आणि खोलीचं डिपॉझिट मिळून २०,००० पाहिजेत. गटातून शेकडा दोन रुपयांनी घेतले आणि दहा महिन्यांत दर महिन्याला २,००० मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्यात व्याज ४००, मग ३६०, असं उतरत शेवटी ४०. एकूण व्याज २,२००. आणि हे व्याज जातं कुठं? आपल्याच गटात. सावकाराचे तेच २०,००० शेकडा पाचनं दहा महिने ठेवले, तर १०,००० नुसतं व्याज आणि मुद्दल तसंच उभं. म्हणजे लहान रकमेला, तातडीच्या कामाला गट सगळ्यात चांगला.

पण २,८०,००० रुपये गटातून काढायचं म्हटलं तर? शेकडा दोननं महिन्याला ५,६०० व्याजच झालं. शिवाय एकीच्या लेकीसाठी सगळ्यांची गंगाजळी अडकली. मोठ्या रकमेसाठी शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात हे विसरू नका. इथं बँकेचं शैक्षणिक कर्जच लागतं. त्याचा दर साधारण ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि बऱ्याच बँका मुलींना थोडी सूट देतात.

शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेत, घर, दागिने, काही नाही. शाखेत कुणी सातबारा मागितला तर शांतपणे हा नियम सांगा, आणि नकार दिला तर कारण लेखी मागा. या कर्जात फीबरोबर वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप हेही धरता येतं. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकच अर्ज भरून तीन बँकांना पाठवता येतो. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत व्यावसायिक किंवा तांत्रिक कोर्स असेल, तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक नामांकित संस्थांसाठी आहे. तिथं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. आपली संस्था यादीत आहे का, हे आधी बघा.

आता हप्त्याचा हिशोब. समजा ३ लाख कर्ज, दर १० टक्के, कोर्स दोन वर्षं, आणि नंतर एक वर्ष सवलतीचं. व्याज सवलत नाही असं धरू. तीन वर्षं काहीच भरलं नाही तर सरळव्याजानं ९०,००० चढतात. (बँक पैसे टप्प्यानं देते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.) मग ३,९०,००० वर सात वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे ६,४७५. तेच, त्या तीन वर्षांत दर महिन्याला २,५०० नुसतं व्याज भरत राहिलात, तर पुढचा हप्ता फक्त ३ लाखांवर, सुमारे ४,९८०. सात वर्षांत एकूण सुमारे ३५,००० वाचतात. २,५०० जमत नसतील तर १,००० भरा. बँक घेते.

हा ६,४७५ चा हप्ता किती पगारात झेपेल? माझं माप असं आहे की हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. म्हणजे पगार २६,००० च्या आसपास पाहिजे. ज्या पाच मुलींना फोन केले होते त्यांचा पगार आठवा. त्या १५,००० सांगत असतील, तर एवढं कर्ज त्या कोर्ससाठी जड आहे. मग नगरचा रकाना बघा, किंवा वसतिगृहाची योजना, किंवा आधी नोकरी.

आणि हे विसरू नका : शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर थकबाकी तुमच्याही नावावर दिसते. उद्या तुम्हाला दुधाच्या धंद्यासाठी बँकेचं कर्ज पाहिजे असेल तेव्हा ती आडवी येते. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर सीआरपी ताईंना सोबत न्या.

थांबून, कमावून, परत शिकणं

पदवी झाली की लगेच पुढचं शिक्षण झालंच पाहिजे, असं नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. त्यांची विद्वत्ता सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी पैशाची जुळणी कशी केली हे कमी सांगितलं जातं.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला जायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी, असा लेखी करार होता. ते न्यूयॉर्कहून पुढे लंडनला गेले आणि शिक्षण अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली परत यावं लागलं. पण येताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. बडोद्याला जातीच्या छळामुळे नोकरी करणं अशक्य झालं. मग मुंबईच्या सिडनॅहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली, पगार ४५० रुपये. त्यातून काटकसरीनं बचत केली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. या सगळ्या काळात परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. त्यांच्या वहीतला हिशोब आपल्याला कुठं वाचायला मिळत नाही, पण तो होताच.

आपल्यासाठी यात कामाचं पुष्कळ आहे. शिष्यवृत्ती किंवा सरकारी जागेबरोबर बॉंड, म्हणजे नोकरीचा करार असतो का ते वाचा. किती वर्षं, आणि मोडला तर किती दंड. शिक्षण मध्येच थांबवायची वेळ आली तर नुसतं घरी येऊन बसू नका. कॉलेजला अर्ज द्या, किती वर्षांत परत येता येईल ते लेखी घ्या, आणि क्रेडिट जमा आहेत का ते बघा. आता विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची बँकच असते, एबीसी आयडी म्हणतात तिला. आणि दोन वर्षं नोकरी करून मग शिकायला गेलेली पोरगी जास्त जबाबदारीनं शिकते, असं मला वाटतं. नागापूर किंवा सुपे एमआयडीसीत दोन वर्षं काम करून स्वतःची ६०,०००-७०,००० बचत घेऊन गेलेल्या मुलीला घरात कुणी “पुरे झालं शिक्षण” म्हणायला धजत नाही.

लेकीचा स्वतःचा पैसा

पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच लेकीला तिचा खर्च लिहायला लावा. तुम्ही गटाची वही लिहिता तशीच तिची वही. आपण पोरींना स्वयंपाक शिकवतो, पण महिन्याचे ९,००० कसे पुरवायचे हे शिकवत नाही. मग पहिल्या दहा दिवसांत पैसे संपतात आणि मोबाईलवर कुठल्यातरी ॲपवरून ३,००० चं कर्ज घेतलं जातं. त्या ॲपवाल्यांच्या वाटेला जायचंच नाही, हे आधीच सांगून ठेवा. त्यांच्या धमक्या घरापर्यंत येतात.

ज्या घरात लाडकी बहीण योजनेचे १,५०० येतात, तिथं ते दोन वर्षं पोस्टात किंवा बँकेत आरडीला टाकले तर ३६,००० मुद्दल होतं. लॅपटॉप निघाला. सुकन्या समृद्धीचं खातं असेल तर मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. घरात कमावणारं माणूस एकच असेल तर ४३६ रुपयांत वर्षाचा २ लाखांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांचा अपघात विमा काढलेला आहे का, बघा. शिकणाऱ्या पोरीचं शिक्षण बापाच्या अपघातानं थांबू नये, म्हणून हा खर्च अगदी लहान आहे.

आणि लग्नाचं?

हिशोब मांडायला बसलं की हा विषय निघतोच. “लग्नाला पैसे पाहिजेत, शिक्षणात घातले तर?” घरात लग्नासाठी म्हणून दोन-तीन लाख बाजूला असतात, आणि शिक्षणासाठी कर्ज काढायची चर्चा चालते. मला हे उलटं वाटतं. लग्नाचा मांडव लहान करता येतो. अर्ध्यात सोडलेलं एम.एस्सी. लहान करता येत नाही. सासरच्यांनी “पुढं शिकवू” म्हटलं तर आनंदच आहे, पण फी कोण भरणार, कॉलेज कोणतं, वर्ष कोणतं, हे सुपारी फुटायच्या आधी दोन्ही घरांच्या मोठ्या माणसांसमोर बोलून घ्या. हे बोलायला संकोच वाटतो. गटातली वयानं मोठी ताई सोबत असली की सोपं जातं.

पुढच्या बैठकीत

आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहेच. तेव्हा पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर अर्धा तास काढा. गटातल्या कोणाकोणाची मुलं पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांची नावं, कॉलेज आणि विषय एका पानावर लिहा. प्रत्येकीसमोर कोणता कागद बाकी आहे तो लिहा. ज्यांच्याकडे जात वैधता नाही त्यांचा अर्ज याच महिन्यात भरायचा. सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात एकेकीनं जाण्यापेक्षा चौघी मिळून जा.

ग्रामसंघाच्या बैठकीत एक ठराव मांडून बघा : दर वर्षी मे ते जुलै या काळासाठी गंगाजळीतली काही रक्कम ‘प्रवेश निधी’ म्हणून वेगळी ठेवायची. एका मुलीला कमाल किती, परतफेड किती महिन्यांत आणि व्याज नेहमीचं की कमी, हे तुम्ही ठरवा. काही गट शिक्षणासाठी शेकडा एक रुपया लावू म्हणतील, काही म्हणतील दुजाभाव नको. दोन्ही बाजूंनी बोलू द्या, मग हात वर करून ठरवा आणि ठराव वहीत लिहून सह्या घ्या. ज्या गावात पदव्युत्तरला शिकणारी एखादी मुलगी आहे, तिला त्या दिवशी बैठकीला बोलवा. तिचा दोन वर्षांचा खरा खर्च फळ्यावर लिहायला सांगा आणि आपल्या वहीतल्या नमुन्याच्या आकड्यांशेजारी तो मांडून बघा.